निळ्या दोऱ्याचं पाखरू

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
१२ मार्च २०२३

चि. संघूला,

जय भीम आणि आईचा पोटभर आशीर्वाद.

आज आमची पाठवणी पार पडली. कुणाच्या मुलीची नाही गं, पाखरांची. तू लग्न होऊन लडाखला गेल्यावर हा उद्योग सुरू झाला, त्यामुळे तू तो कधी पाहिलेला नाहीस आणि दर वर्षी मला नव्याने समजावून सांगावं लागतं. थंडीत खाडीच्या जेट्टीवर जे पांढरे सीगल येतात, ज्यांना शेव टाकायला लोक गर्दी करतात, त्यांची डोकी होळीच्या सुमाराला चॉकलेटी व्हायला लागतात. डोकं रंगलं की समजायचं, यांचा इथला मुक्काम संपला. मग जवळचा रविवार धरून आम्ही जेट्टीवर जमतो. ज्यांची पोरं लांब गेलीत अशा सगळ्या. शेजारची मिनल, खालची शैला, नीलम. घरून शिदोरी आणायची, पाखरांना घालायची आणि ‘सुखाने जा, थंडीत या’ म्हणायचं. मिनल हळदी-कुंकवाचं ताटसुद्धा आणते. आपल्यात ते नाही, पण निघालेल्या लेकीच्या हातात डबा द्यायला कुठला धर्म आडवा येतो? फरसाणवाला विचारत होता, “मौसी, घर के लिए या मेहमान के लिए?” मी म्हटलं, “बेटी के लिए.”

लोकेशने मागे सांगितलं होतं ना, हेच सीगल उन्हाळ्यात तुमच्याकडच्या सरोवरांवर अंडी घालायला येतात, ते माझ्या डोक्यातून जातच नाही. मी इथून पाठवते आणि ती तुझ्या दारात उतरतात! जावई मी विहारात पाहून पसंत केला तेव्हा तू नाक मुरडलं होतंस. बघ, किती कामाचं बोलतो.

तर आज गंमत झाली. उत्तनचा कॅजिटन होडी घेऊन जेट्टीला लागला होता. त्याच्या जाळ्यात एक पाखरू अडकलं होतं. तो सोडवत होता, तेवढ्यात मी म्हटलं, थांब जरा. त्याच्याकडचाच जाळं विणायचा निळा दोरा घेतला आणि पाखराच्या डाव्या पायाला घट्ट बांधला. घरून लोकरीचा आणणार होते, पण लोकर एवढ्या लांब टिकायची नाही. नायलॉन सडत नाही, तुटत नाही. कॅजिटन कुरकुरला, “न्हाय बांधू, बाय. पाखरू हाय ते, बकरी न्हाय.” मी म्हटलं, माझ्या लेकीला निरोप आहे, तू मध्ये बोलू नकोस.

तेव्हा मे महिन्यात लक्ष ठेव. निळा दोरा, डावा पाय. दिसलं की लगेच लिही. फोनवर तुझं अर्धं वाक्य येतं आणि अर्धं वाऱ्यात जातं. पत्र बरं, पुन्हा पुन्हा वाचता येतं.

तुझी आई,
वैजयंता


चांगथांग, लडाख
२० मे २०२३

आईस,

जय भीम.

तुझं पत्र मिळालं आणि खूप हसले. तुझी पाठवणी आणि आमचं स्वागत! आमच्या शाळेतही पाखरं आल्याचा दिवस करतात. सरोवराचा बर्फ फुटला आणि पहिले सीगल उतरले, की सगळी शाळा काठावर जाते. मुलं सातूचं पीठ मुठीने हवेत उडवतात, मग एकमेकांच्या तोंडाला फासतात. मलाही पांढरं करून सोडलं. तिसरीतली एक मुलगी मला म्हणाली, “टीचर, ये आपके घर से आए हैं?” मी हो म्हटलं.

आणि आई, तुझं पाखरू आलं. काठापासून थोड्या अंतरावर दगडावर बसलं होतं. उजव्या पायाला निळा दोरा. मी कितीतरी वेळ बघत राहिले. मस्त होतं, खात-पीत होतं, जोडीदारही होता बरोबर. काळजी करू नकोस.

आम्ही दोघं ठीक आहोत. लोकेशला रस्त्याच्या कामावर लांब राहावं लागतं, त्यामुळे तो वेगळं लिहीत नाही. तुला नमस्कार सांगितलाय.

गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
संघप्रिया


इंद्रलोक
१८ जून २०२३

चि. संघू,

तुझं पत्र आलं आणि मी जिन्यातच बसून वाचलं. शैला वर येत होती, तिला वाटलं मला चक्कर आली. तिला तिथेच वाचून दाखवलं. मग मिनलला. मग नीलमला. पोचलं गं माझं पाखरू! या हाताने बांधलेलं तुझ्या डोळ्यांसमोर जाऊन बसलं. तुझे बाबा गेल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं, खरं सांगते.

जेट्टीवर जाऊन कॅजिटनलाही ऐकवलं. तर म्हणतो, “डाव्या पायाला बांधला होता ना?” मी म्हटलं, तू गप. समोरून पाहिलं की डावं-उजवं उलटं दिसतं, आरशात नाही दिसत का? मास्तरीण माझी लेक, पण डाव्या-उजव्यात लहानपणापासून गोंधळ. चप्पलही उलटी घालायचीस.

पत्र इतक्यांदा उघडलं की घडीवर फाटायला आलं. मिनलने स्टेशनजवळून लॅमिनेट करून आणलंय.

आता एकच मागणं. डिसेंबरात तुमची शाळा बंद होते. सीगल थंडीत इथे येतात, माझीच पोरगी येत नाही. चार वर्षं झाली. यंदा दोघं या. तुझी खाट मी झाडूनच ठेवते रोज.

आई


चांगथांग
२५ नोव्हेंबर २०२३

आईस,

जय भीम. यंदाही जमत नाहीये गं. लोकेशचं काम अडलंय, त्याला सुट्टी नाही आणि त्याला एकट्याला टाकून मी कशी येऊ? हिवाळ्यात लेहला एका वसतिगृहात मुलींना शिकवायचं काम मिळालंय, तेही सोडवत नाही. पुढच्या वर्षी नक्की. तू रागावणार, माहीत आहे.

पाखरं इथून ऑक्टोबरातच निघाली. तुझ्याकडे पोचली असतील. निळा दोरा दिसला नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. खाडी मोठी आहे. आणि आई, एकदा बांधलास तेवढं पुरे झालं, पुन्हा कशाला बांधायचा?

संघप्रिया


इंद्रलोक
१८ मार्च २०२४

चि. संघू,

रागावले होते म्हणून मधे लिहिलं नाही. कालच्या रविवारी राग गेला, म्हणून लिहायला बसले.

अगं, कालची पाठवणी तू बघायला हवी होतीस! तुझं लॅमिनेट केलेलं पत्र मी जेट्टीवर मोठ्याने वाचलं. नवीन खूप बायका आल्या होत्या, काशीगावाहूनसुद्धा. ‘काठापासून थोड्या अंतरावर दगडावर बसलं होतं’ वाचलं आणि शैला रडायलाच लागली. तिचा मुलगा कॅनडात, फोन केला की ‘मम्मी, मीटिंग में हूँ’ म्हणतो. ती म्हणाली, वैजू, माझ्याही नावाने एक बांध. मग नीलम म्हणाली, माझ्याही. मग कुणाला आवरणार? प्रत्येकीने आपला रंग ठरवला. नीलमचा गुलाबी, शैलाचा हिरवा, मिनलचा पिवळा आणि त्यात एक बारीक मणी.

पाखरं धरली कुणी, ओळख. कॅजिटनने. तोच, जो मला ‘बकरी न्हाय’ म्हणून शिकवत होता. त्याची लेक लॉरा मस्कतला नर्स आहे ना, दोन नाताळ झाले, आलेली नाही. तुझं पत्र वाचताना तो जाळं हातात घेऊन उभा होता. म्हणाला, “पोचलं बोलते तुझी पोरगी? डोल्यांनी बघितलं?” मी म्हटलं, डोळ्यांनी. मग त्याने शेव पसरून जाळं टाकलं. एकेक पाखरू काढून तो धरायचा आणि आम्ही बांधायचो. शेवटचं त्याने स्वतः बांधलं. पांढरा दोरा, जाळ्याला मारतात ती गाठ. बांधून झाल्यावर पाखराच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि सोडून दिलं.

वरून पाहिलं असतंस तर रांगोळीचे रंग उडाल्यासारखं दिसलं असतं. तू ‘पुन्हा कशाला बांधायचा’ लिहिलं होतंस, पण तुला बाकीच्यांची तगमग माहीत नाही. तुझ्या एका पत्रावर इतक्या जणींचा जीव अडकलाय. आता नीट बघ आणि रंगासकट लिही. पांढऱ्याचं आधी लिही, कॅजिटन आतापासूनच विचारतोय.

आई


चांगथांग
२ जून २०२४

आई,

हे पत्र मिनलमावशीला वाचून दाखवू नकोस. कुणालाच नको. एकटी बस आणि वाच.

परवा पाखरांचा दिवस होता. मुलं पीठ घेऊन पुढे पळाली आणि एकदम थांबली. पाण्यातल्या बेटावर दगडांच्या सपाटीत यांची घरटी असतात. काठाकडच्या दगडांत एक सीगल उलटा लोंबत होता. पायातला दोरा फटीत अडकला होता. सुटायला फडफडून पंख मोडला असावा. मेलेला होता. दोरा पांढरा होता, आई. जाळ्याची गाठ होती. मुलं माझ्याकडे बघत होती, कारण तुझ्या दोऱ्याची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक मिळाला, मणी असलेला पिवळा. त्याचा पाय दोऱ्याच्या खाली सुजून काळा पडला होता. तो जिवंत होता, संध्याकाळपर्यंत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. गेल्या वर्षी मला निळा दोरा दिसला नव्हता. उजव्या पायाला नाही, डाव्याही नाही. मी दोन आठवडे रोज काठावर गेले. नाही दिसला. तुझं पत्र एवढं आनंदाचं होतं की ‘नाही दिसला’ लिहवेना. एका ओळीचं खोटं, मला वाटलं, कुणाचं काय जातं त्यात. तू ते चारचौघांत वाचशील असं मनातही आलं नाही. तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा मी वर्गात होते. पुढे शिकवताच आलं नाही.

मला माफ कर. आणि कृपा करून पुन्हा कुणाला बांधू देऊ नकोस.

संघप्रिया


इंद्रलोक
३० जून २०२४

संघू,

तुझं पत्र वाचलं. गॅसवर दूध होतं ते उतू गेलं, एवढंच आठवतं.

दुपारी शैला आली. दारातूनच म्हणाली, “लडाखचं पत्र आलं ना? पोस्टमन भेटला.” माझ्या मागे टेबलावर तुझं पत्र उघडं पडलं होतं. मी म्हटलं, आलं. ती म्हणाली, हिरवा? मी म्हटलं, पोचला. तिने मला मिठी मारली. मग नीलमचा गुलाबी पोचला. मिनलचा पिवळाही पोचला, मण्यासकट. संध्याकाळी जेट्टीवर गेले. न जाऊन चालणार नव्हतं, तो वाट बघत असतो. कॅजिटनने नुसती मान वर केली. मी म्हटलं, पोचलं रे, पांढरंच सगळ्यात आधी पोचलं. तर म्हणाला, “लॉराला आज फोन करतंय. सांगतंय.”

आता मला कळलं, तू कसं लिहिलं असशील ते. किती सोपं जातं. समोरचं माणूस स्वतःच ते आपल्या तोंडातून काढून घेतं. माफी वगैरे मागू नकोस, दोरा माझा होता आणि गाठही माझी होती. पण संघू, त्या दिवसापासून मला झोप नाही. तुझी सगळी पत्रं काढून बसते. ‘आम्ही दोघं ठीक आहोत’ असं कितीतरी पत्रांत आहे. लोकेशचा नमस्कारही आहे. त्याच्या हातची एक ओळ कुठेच नाही.

लोकेश तुझ्याजवळ आहे का? एवढंच लिही. आणि या वेळी मला बरं वाटेल असं लिहू नकोस.

आई


चांगथांग
११ ऑगस्ट २०२४

आई,

नाही. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून नाही. तू पहिलं पाखरू बांधलंस त्याच्या आधीपासून. त्याचं इथलं काम संपलं, तो जम्मूला गेला. घर बघतो आणि बोलावतो म्हणाला. मग फोन उचलायचा बंद झाला. मी एकदा जाऊन आले. त्याने दारात उभं ठेवून सांगितलं की त्याला आता हे नको आहे. भांडण नाही, काही नाही. परतीची गाडी त्यानेच करून दिली.

तुला कसं सांगणार होते? तू स्थळ पाहिलंस, तू अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटलेस. मी एकटी आले असते तर पाठवणी करणाऱ्या त्या सगळ्या बायका जिन्यात उभ्या राहून विचारणार, जावई कुठे. आणि तू मान खाली घालणार. मला ते बघवलं नसतं. आधीच्या हिवाळ्यांची कारणं खरी होती, गेल्या हिवाळ्याचं मात्र शोधलेलं होतं. फोनला रेंज आहे, आई. टॉवर आमच्या शाळेच्या मागेच आहे. पण माझा आवाज नीट ऐकला असतास तर तुला एका मिनिटात कळलं असतं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. मला इथे फार एकटं वाटतं. मला घरी यायचंय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा बंद झाली की मी येते. या वेळी नक्की. माझी खाट झाडून ठेव.

तुझी,
संघू


इंद्रलोक
२४ नोव्हेंबर २०२४

संघप्रिया,

जय भीम. तुझं पत्र ऑगस्टातच मिळालं. लगेच लिहायला बसले होते, पण ‘ये बाळा’ एवढं लिहून पुढे हात चालेना. ते पान तसंच राहिलं. त्यानंतर तू फोनही केलेस, स्क्रीनवर तुझं नाव दिसायचं. मी उचलला नाही. काय ऐकू येईल आणि त्यातलं काय खरं धरू, कळत नव्हतं.

पाखरं आली. नेहमीपेक्षा कमी आहेत. लोक म्हणतात, खाडीत भराव पडतोय म्हणून. असेलही. मी आणि कॅजिटन एके दिवशी जेट्टीच्या टोकाला होतो. एक पाखरू शेवेसाठी खाली उतरलं आणि एका पायावरच उभं राहिलं. दुसरा पोटाशी धरलेला. त्यात गुलाबी दोरा होता. कॅजिटनने जाळं टाकून ते धरलं. दोरा कातडीच्या आत गेला होता, वरून मांस चढलं होतं. त्याने मासे कापायच्या सुरीचं टोक हळूच खाली घातलं. दोरा तुटला, पण पाऊलही त्याच्याबरोबर आलं. पाखरू ओरडलंसुद्धा नाही.

ते पाऊल त्याने तळहातावर धरलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाला, “बाय, माझं खरंच पोचलं?”

मला अजूनही हो म्हणता आलं असतं. त्याने ते घेतलंही असतं. मी नाही म्हटलं. पांढरं कुठे मिळालं, कसं मिळालं, सगळं सांगितलं. त्याने सुरी पाण्यात धुतली. मग म्हणाला, “मी पयल्याच दिवशी बोललो होतो. मंग तुझी पोरगी बोलली पोचलं, म्हणून मीच धरली सगली. माझ्या हातांनी.” निघताना म्हणाला, “लॉराला न्हाय सांगू. ती तिथं सगल्यांना सांगते, माझ्या बापाचं पाखरू लडाखला पोचलं.” त्यानंतर तो होडी आमच्या बाजूला लावत नाही.

बायकांनाही सांगितलं. सगळ्यांना एकदम, मिनलच्या घरात. शैला म्हणाली, “मग तू आधी हो का म्हणालीस?” मिनल उठून आत गेली. नीलम आता लिफ्टमध्ये भेटली तर मोबाईल बघते. पाठवणी बंद झाली. मार्चमध्ये पाखरं जातील तेव्हा जेट्टीवर कुणी नसेल. बरंच आहे ते. तुझ्या लोकेशचंही सांगून टाकलं, म्हणजे जिन्यात कुणी विचारणार नाही. कुणी विचारण्याइतकं बोलतच नाही आता माझ्याशी.

तुझं ते पहिलं पत्र फाडायला घेतलं होतं. लॅमिनेट केलेलं आहे, फाटत नाही. कपाटाखाली सरकवून ठेवलंय.

माझा तुझ्यावर राग नाही, संघू. तुझ्यासाठी जीव तुटतो, त्या जम्मूच्या दारात तू उभी होतीस ते डोळ्यांसमोरून हलत नाही. तू माझ्या लाजेला भ्यालीस, ही माझीच कमाई. पण चार हिवाळे मी ‘पुढच्या वर्षी नक्की’ वाचलंय. ‘दिसलं’ वाचलंय, ‘ठीक आहोत’ वाचलंय. अक्षर तेच आहे गं. कुठली ओळ खरी, ते मला आता अक्षरावरून ओळखता येत नाही. प्रयत्न केला. रोज रात्री करते.

डिसेंबरात येते म्हणतेस. वाचलं मी.

खाट झाडून ठेवलेली नाही. आलीस तर झाडू.

आई